गाडीतल्या सबवूफरला बॉक्स किती लिटरचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सबवूफर घेताना लोक वॉट विचारतात, मॅग्नेट हातात घेऊन वजन बघतात, भावात घासाघीस करतात. बॉक्सचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, आणि तोही "डिकीत मावेल असा द्या" एवढ्यावर आटोपतो. खरं तर आवाजाचा निम्मा निकाल त्या बॉक्सच्या आतल्या हवेवर लागतो. खालच्या उत्तरांत थोडी आकडेमोड आहे. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर तिला पुरेल.

माझ्याकडे १२ इंची वूफर आहे. किती लिटरचा बॉक्स करू?

नुसत्या इंचांवरून सांगता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन १२ इंची वूफरांपैकी एकाला २० लिटर पुरतात आणि दुसरा ४० लिटरशिवाय मोकळा होत नाही, असं सर्रास दिसतं. तरी अंदाज हवाच असेल तर सील्ड, म्हणजे पूर्ण बंद बॉक्ससाठी ८ इंचीला साधारण ८ ते १४ लिटर, १० इंचीला १४ ते २५, १२ इंचीला २० ते ४० आणि १५ इंचीला ४० ते ८५ लिटर. पोर्टेड, म्हणजे हवा आत-बाहेर जायला पाइप बसवलेला बॉक्स याच्या दीडपट ते दुप्पट लागतो. या पट्ट्यांची रुंदी बघितलीत तर अंदाजावर लाकूड का कापू नये ते कळेल.

कागदपत्रांवर बऱ्याचदा घनफूट लिहिलेले असतात. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

बॉक्स लहान-मोठा झाला तर नेमकं काय बदलतं?

बंद बॉक्समधली हवा वूफरच्या कोनामागे (कोन म्हणजे पुढे-मागे हलणारा शंकूसारखा भाग) स्प्रिंगचं काम करते. बॉक्स लहान तेवढी ही स्प्रिंग कडक. कडक स्प्रिंगवर कोनाचा नैसर्गिक कंप वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकतो, खालचा खोल बेस लवकर गळतो आणि ५०–७० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार होतो. तोच तो भमभम आवाज, ज्यात प्रत्येक गाण्याचा बेस एकाच सुरात वाजतोय असं वाटतं. बॉक्स मोठा केला की बेस खोल आणि सुटसुटीत होतो, पण कोनाला आवरणारं कमी राहतं आणि जास्त पॉवरवर तो मर्यादेबाहेर हलतो.

हवेच्या स्प्रिंगचा असा मुद्दाम उपयोग एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत एआर-१ या घरगुती स्पीकरमध्ये केला. त्याआधी चांगल्या बेससाठी कपाटाएवढी खोकी लागत. आज डिकीत बसणारा प्रत्येक सील्ड बॉक्स त्याच कल्पनेचा वारस आहे.

फुकट मात्र काही मिळत नाही. केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, हॉफमन, यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की खोल बेस, लहान बॉक्स आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी पदरात पडतात. तिन्ही देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला तिसरी कशी, एवढं शांतपणे विचारा.

वूफरच्या डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, वीस आकडे असतात. त्यातले कोणते बघायचे?

बॉक्ससाठी चार. एफएस म्हणजे वूफर बॉक्सबाहेर मोकळा असताना त्याची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी. व्हीएएस म्हणजे किती लिटर हवेचा ताण वूफरच्या स्वतःच्या सस्पेन्शनएवढा (कोनाला धरून ठेवणाऱ्या लवचिक भागाएवढा) भरतो. वूफर सैल असेल तर हा आकडा मोठा. क्यूटीएस म्हणजे कोन हलायला लागल्यावर किती पटकन थांबतो याचं माप. आकडा लहान तेवढी पकड घट्ट. आणि क्यूईएस, त्या पकडीतला मॅग्नेट आणि कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) यांचा वाटा. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात हे गणित बसवलं, म्हणून या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात.

वूफरच्या पॅकिंगवर मोठ्या अक्षरात छापलेले "३००० वॉट" या हिशेबात कुठेच येत नाहीत.

सील्ड बॉक्सचा हिशेब एकदा करून दाखवा.

समजा वूफरचा एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. आपल्याला बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यू ठरवायचा असतो. त्याला क्यूटीसी म्हणतात. समजा तो ०.७०७ हवाय.

०.७०७ ला ०.४५ ने भागा: १.५७. त्याचा वर्ग करा: २.४७. त्यातून १ वजा करा: १.४७. आता व्हीएएसला, म्हणजे ६० ला, १.४७ ने भागा. उत्तर सुमारे ४१ लिटर. वूफरची नवी फ्रिक्वेन्सी एफएसच्या १.५७ पट, म्हणजे ४७ हर्ट्झ.

हाच वूफर २० लिटरमध्ये कोंबला तर क्यूटीसी ०.९ होतो आणि फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झवर जाते. ७७ लिटर दिले तर क्यूटीसी ०.६ आणि फ्रिक्वेन्सी ४० हर्ट्झ. म्हणजे ४१ वरून ७७ लिटरवर गेल्यावर डिकी गेली आणि हाती आले सात हर्ट्झ. पुढच्या प्रत्येक लिटरमागे मिळणारा फायदा असा घटत जातो.

संगणकावर करायचं असेल तर विनआयएसडी हा फुकट प्रोग्रॅम आहे. चार आकडे भरले की आलेख समोर येतो.

क्यूटीसी ०.७०७ च का? सगळे तोच आकडा सांगतात.

कारण त्याला आलेख सर्वांत सपाट येतो आणि उंचवटा तयार होत नाही. पण तो आलेख मोकळ्या जागेतला आहे, गाडीतला नाही. ०.६ च्या आसपास बेस घट्ट आणि कोरडा वाटतो. तबला, ढोलकी, उभा बेस ऐकणाऱ्यांना तो आवडतो. ०.९ ते १ मध्ये ठोका जाणवतो, डीजे ट्रॅक आणि पंजाबी गाण्यांना लोक तेच मागतात. १.१ च्या वर गेलात तर मात्र गाणं कोणतंही असो, वाजणार तो बॉक्सच. माझं मत विचाराल तर ०.७ ते ०.८ धरा आणि उरलेला शौक इक्वलायझरवर भागवा.

घरच्या सबवूफरला मोठं खोकं लागतं. गाडीत लहान बॉक्स कसा चालतो?

गाडीच्या बंदिस्त केबिनमुळे. आवाजाची अर्धी लाट केबिनच्या सर्वांत लांब मापापेक्षा मोठी झाली की त्या खालच्या फ्रिक्वेन्सींना हवेचा दाब सगळीकडे एकदमच वाढतो-घटतो आणि बेस आपोआप चढतो. केबिन अडीच मीटर धरली तर ३४४ भागिले ५, म्हणजे साधारण ६९ हर्ट्झच्या खाली ही वाढ सुरू होते. आदर्श स्थितीत ती दर ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की दर वेळी, १२ डेसिबलपर्यंत जाते. इकडे सील्ड बॉक्सचा बेस त्याच्या फ्रिक्वेन्सीखाली दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलनेच गळतो. एकाची घट, दुसऱ्याची वाढ, आणि कागदावर केविलवाणा दिसणारा लहान सील्ड बॉक्स गाडीत ३० हर्ट्झपर्यंत व्यवस्थित पोहोचतो.

प्रत्यक्षात पत्रा थरथरतो, दारांच्या फटींतून दाब निसटतो, त्यामुळे वाढ थोडी कमीच मिळते. काचा खाली केल्या की तर बरीचशी जाते. काचा उघडल्यावर बेस "पळाला" अशी तक्रार असते ती यामुळे. हॅचबॅक आणि एसयूव्हीत डिकी केबिनचाच भाग असते, म्हणून फायदा पुरा. सेडानमध्ये मागची सीट आणि पार्सल ट्रे मध्ये येतात, तिथे थोडा मोठा बॉक्स किंवा सीट पाडायची सोय कामी येते.

गाडीसाठी सील्ड बॉक्स आधी विचारात घ्या असं मी म्हणतो त्याचं कारण एवढंच आहे.

मग पोर्टेड कधी घ्यावा?

जागा आहे, अँप्लिफायर बेताचा आहे आणि मोठा आवाज हवाय, तेव्हा. पोर्टमधली, म्हणजे त्या पाइपातली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला डोलते (हेच बॉक्सचं ट्यूनिंग), त्याच्या आसपास तेवढ्याच वॉटमध्ये सील्डपेक्षा ठळक जास्त आवाज निघतो. वूफर त्यासाठी लायक आहे का हे बघायला एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर ५० च्या खाली आलं तर सील्ड, १०० च्या वर तर पोर्टेड, मधे आलं तर दोन्ही चालतं. आपल्या उदाहरणातल्या वूफरचा क्यूईएस ०.५ धरला तर उत्तर ६०. म्हणजे दोन्ही चालेल, पण कल सील्डकडे.

पोर्टेडची दुसरी बाजूही माहीत हवी. ट्यूनिंगच्या खाली आवाज दर ऑक्टेव्हला २४ डेसिबलने कोसळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तिथे कोनामागची स्प्रिंगच नाहीशी होते. आवाज येत नाही म्हणून माणूस वाढवत जातो आणि कॉइल मागच्या प्लेटवर आपटते. म्हणून अँपवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारी सोय, ट्यूनिंगच्या थोडा खाली लावायचाच. फिल्टर नसलेल्या अँपवर पोर्टेड बॉक्स मी सुचवणार नाही. शिवाय पोर्टेडमध्ये लिटर चुकले की ट्यूनिंगही चुकतं. सील्ड बॉक्स पाच-दहा टक्क्यांची चूक मुकाट्याने पोटात घालतो.

पोर्टची लांबी कशी काढायची?

ट्यूनिंग ठरवा. रोजच्या गाण्यांसाठी ३२ ते ३६ हर्ट्झ ठीक. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते, ती यात आरामात येते. मग गोल पाइपच्या आतल्या व्यासाचा (सेंमी) वर्ग गुणिले २३,५६२ करा. त्याला ट्यूनिंगचा वर्ग गुणिले बॉक्सचे निव्वळ लिटर, या गुणाकाराने भागा. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. ही लांबी सेंटिमीटरमध्ये.

उदाहरणार्थ आतून १० सेंमीचा पाइप, ५० लिटर, ३५ हर्ट्झ: लांबी ३१ सेंमी. तोच पाइप, तेच ट्यूनिंग, पण बॉक्स ३० लिटरचा: लांबी ५७ सेंमी! लहान बॉक्समध्ये पोर्ट बसवणं का जड जातं ते इथे दिसतं. मग लोक बारीक पाइप लावतात, तो आखूड भागतो, पण त्यातून हवा इतक्या वेगाने जाते की फुसफुस ऐकू येते. १२ इंची वूफरला १० सेंमीचा एक पाइप ही माझ्या मते किमान मर्यादा. पाइपचं आतलं तोंड समोरच्या फळीपासून निदान व्यासाएवढं लांब राहू द्या.

सुताराला माप कसं द्यायचं?

लिटर सांगू नका, फळ्यांची मापं इंच-सुतात लिहून द्या, आणि त्याआधी निव्वळ आकारमान स्वतः काढा. सर्वांत जास्त बॉक्स इथेच बिघडतात. बाहेरून ६० × ३५ × ३५ सेंमीचा बॉक्स ७३.५ लिटरचा वाटतो. १८ मिमी जाडीच्या फळ्या असल्या की प्रत्येक मापातून ३.६ सेंमी जातात: ५६.४ × ३१.४ × ३१.४, म्हणजे ५५.६ लिटर. अठरा लिटर नुसत्या लाकडाने खाल्ले.

अजून संपलं नाही. वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट (मागचा धातूचा सांगाडा) आत जागा घेतात: १० इंचीत दीड ते अडीच लिटर, १२ इंचीत अडीच ते चार, नेमका आकडा डेटाशीटवर असतो. ३१ सेंमीचा तो पोर्ट, बाहेरून ११ सेंमी व्यासाचा, सुमारे ३ लिटर अडवतो. आतल्या आडव्या पट्ट्या वेगळ्या. हे सगळं वजा करून जे उरेल तो तुमचा बॉक्स. इंचांत मापलं असेल तर तिन्ही आतली मापं गुणून ६१ ने भागा, लिटर मिळतील.

लांबी-रुंदी-उंचीचं काही खास प्रमाण लागतं का, हेही विचारलं जातं. सबवूफरला नाही. ८० हर्ट्झची लाट ४.३ मीटर लांब असते. एवढ्याशा बॉक्सचा आकार तिच्या खिजगणतीत नाही. लिटर बरोबर ठेवा, आकार डिकीप्रमाणे करा.

सीटमागे तिरका बॉक्स हवाय. त्याचे लिटर?

वरची खोली आणि तळाची खोली यांची सरासरी घ्या. वर २० सेंमी, खाली ३२, सरासरी २६. उंची ३४, रुंदी ७०. प्रत्येकातून ३.६ वजा केल्यावर २२.४ × ३०.४ × ६६.४, म्हणजे साधारण ४५ लिटर. वूफर वरच्या अरुंद भागात येत असेल तर मॅग्नेट मागच्या फळीला टेकत नाही ना ते बघा. मॅग्नेटच्या मध्यभागी भोक असेल तर मागे निदान अडीच सेंमी मोकळे हवेत, नाहीतर कॉइलला थंडावा मिळत नाही.

डिकीत सीएनजीची टाकी आहे. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. टाकी आडवी असेल तर तिच्या आणि सीटच्या मधे किंवा बाजूच्या खाचेत १२–१५ लिटर निघतात, त्यात उथळ मॅग्नेटचा ८ किंवा १० इंची वूफर सील्डमध्ये बसतो. काही नव्या गाड्यांत दोन लहान टाक्या डिकीच्या फरशीखाली असतात, तिथे वरची जागा जवळपास पूर्ण मिळते. काहीच जमत नसेल तर सीटखालचा अँपसह येणारा सबवूफर घ्या. एक गोष्ट ठाम: टाकीच्या पट्ट्यांना किंवा ब्रॅकेटला बॉक्स बांधायचा नाही, तिथे स्क्रू मारायचा नाही, आणि व्हॉल्व्हपर्यंत हात सहज पोहोचला पाहिजे.

बॉक्स थोडा लहान झालाय. आता?

सील्ड असेल तर आत पॉलिस्टर फायबर भरा. उशांत भरतात तेच, गादीवाल्याकडे रेक्रॉन म्हणून मिळतं. हवा दाबली की तापते, ती उष्णता धागे शोषून घेतात आणि स्प्रिंग मऊ होते. गणिती कमाल मर्यादा ४० टक्के, पण हाती लागतात १० ते २० टक्के. सैल पिंजून भरा, ठासून नको. पोर्टेडमध्ये हा उपाय चालत नाही, धागे पोर्टमधून बाहेर येतात.

मोठा झाला असेल तर सोपं आहे, आत लाकडाचे भरीव ठोकळे पक्के चिकटवा. म्हणून संशय असेल तेव्हा दोन-तीन लिटर जास्तच ठेवावेत.

दोन वूफरना एकच बॉक्स चालेल?

चालेल. लिटर दुप्पट करा आणि मधे पडदा टाका. पडदा नसेल आणि एक वूफर जळला, तर उरलेल्याला अचानक दुप्पट हवा मिळते आणि जळलेल्याचा कोनही त्याच्या दाबाने हलत राहतो. पडद्याने फळ्याही घट्ट राहतात.

अँप मोठा आहे, मग बॉक्सही मोठा?

उलट. जास्त पॉवर देणार असाल तर लहान सील्ड बॉक्स कोनाला आवरून धरतो. कॉइलची उष्णता मात्र कोणताच बॉक्स कमी करत नाही.

एमडीएफ की प्लायवूड?

१८ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) सरळ कापलं जातं, स्वस्त पडतं आणि बहुतेक बॉक्स त्याचेच असतात. वजन मात्र जड: वर दिलेला ६० × ३५ × ३५ चा बॉक्स रिकामाच १४ किलोच्या आसपास भरतो, म्हणून तो पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने गाडीच्या बॉडीला बांधा, जोरात ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवर येतो. कोकणात, गोव्यात किंवा पाणी गळणाऱ्या डिकीत एमडीएफ कडेने फुगतं. तिथे पाणीरोधक प्लाय घ्या, निदान एमडीएफच्या कडा आत-बाहेरून सीलरने बंद करा. सांध्यांना सिलिकॉन भरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं टाळा किंवा पूर्ण सुकून वास गेल्यावरच वूफर बसवा. त्या वाफेने आतला धातू गंजतो.

तयार बॉक्स किंवा बेस ट्यूब (नळकांड्यासारखा गोल तयार बॉक्स) घेतली तर?

वूफरसकट एकाच कंपनीचा असेल तर हरकत नाही, लिटर जुळवलेले असतात. रिकामा तयार बॉक्स घेताना मात्र टेप नेऊन आतून मोजा. यातले बरेच पोर्टेड असतात आणि ट्यूनिंग ४० हर्ट्झच्या वर ठेवलेलं असतं, कारण दुकानात दोन मिनिटांच्या डेमोला तेच दणकट वाटतं.

वूफरचा डेटाशीटच नाही.

कंपनीने सांगितलेले लिटर कुठे छापले असतील तर ते धरा. तेही नसेल तर सील्डच करा, १० इंचीला २० आणि १२ इंचीला ३० लिटर, आणि ऐकून ठोकळे किंवा फायबर घाला. आकड्यांशिवाय पोर्टेड करू नका.

बॉक्स तयार झाला. बरोबर झालाय हे कसं ओळखायचं?

सील्डमध्ये कोन दोन्ही हातांनी समान, हलकाच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर बॉक्स हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी गळती आहे. मग ३० हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात लावून सांध्यांवरून आणि टर्मिनलजवळून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे सीलंट कमी पडलंय.

पोर्टेडमध्ये मोबाइलवरून शुद्ध सूर एकेक हर्ट्झने खाली आणत कोनाकडे बघा, आवाज हळू ठेवून. ज्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधून वारा जोरात येतो, ते तुमचं खरं ट्यूनिंग. ३५ ठरवून ३९ आलं असेल तर पोर्ट आखूड झालाय किंवा निव्वळ लिटर कमी भरलेत, पाइप वाढवा. ३१ आलं असेल तर पाइप थोडा कापा. म्हणून पाइप पहिल्यांदा चिकटवताना दोन-तीन सेंमी लांबच ठेवतात, कापणं केव्हाही सोपं.